कपावरचं नाव

कुरवंड्याची जीप भरंस्तोवर टेकावं म्हणून आमी नवराबायको लोणावळ्यात एका कॉफी शॉपात शिरलो. काउंटरवरच्या पोरीनं सरूला विचारलं, “मावशी, कपावर नाव काय लिहू?”

“ह्यांचं लिव्हा.”

नातवंडं झाली, तरी सरू माझं नाव घेत न्हाई. शेवटचं घेतलं ते थोरल्याच्या लग्नात, उखाण्यात. मी सांगाया तोंड उघडलं, तर तिनं मलाच गप केलं आन पदर सावरला.

“काचेच्या कपाटात केकांची रास, नथूरावांना कॉफी द्या झकास.”

मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

कॉफी कसली, निस्ता काढा. सरू म्हणाली, “लय कडू असंल तर ठिवा.”

मी कप रिकामा केला आन म्हणलं, “जा, अजून एक सांगून ये.”