धरून ठेवलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. सध्या माळ्यावर गाद्यांच्या ढिगाखाली असतो. माझी हकिगत सांगतो खरी, पण त्यातलं सगळं मला उमगलंय असं समजू नका. माझा गोंधळ अजून मिटलेला नाही.

कारखान्यात मला आकडेमोड शिकवली होती. घरी आलो, तर घरातल्या मुलीने, ताईने, माझ्या पाठीला एक डबी जोडली आणि तिच्यात छपरावरच्या अँटेनाची वायर खुपसली. झालं! टीव्हीच्या चित्रांबरोबर हवेतून गुपचूप येणारी अक्षरं माझ्या पडद्यावर उमटू लागली. हवामान, बाजारभाव, बंदरात लागणारी जहाजं. पानाचा आकडा दाबायचा आणि ते पान फिरत फिरत येईपर्यंत वाट बघायची. ती पानं कोण पाठवायचं, देव जाणे! पण शेजारीपाजारी म्हणायचे, "काय हुशार आहे हो तुमचा संगणक!" मग मीही फुशारून जायचो.

बाबा जहाजावर इंजिन सांभाळायचे. वर्षाकाठी एकदाच घरी यायचे. जहाज लागलं की सगळं घर धक्क्यावर हजर, हा शिरस्ताच होता. उतरताना आपलं माणूस दिसलं नाही, तर आपण कुणाचे कोण, असं त्यांना वाटायचं.

त्या वर्षी समुद्र खवळला. आई सारखी बंदराचं पान लावायची. बाबांच्या जहाजापुढे लिहिलेलं असायचं, 'उशीर होणार'. कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मोठ्या आत्याही मुक्कामाला आल्या. जहाजांची यादी लांबलचक, एका पानात न मावणारी. त्या बोट ठेवून एकेक अक्षर वाचायच्या आणि ओळ संपायच्या आत यादीचं पुढचं पान आपोआप यायचं.

"अगं, थांबव ना जरा त्याला!" त्या करवादल्या.

ताईने पान धरून ठेवायची कळ दाबली. आत्यांनी निवांत वाचलं. ती कळ पुन्हा दाबून पान सोडायचं मात्र राहून गेलं.

आता माझी अवस्था बघा. वरच्या ओळीतलं घड्याळ पळतंय आणि खालचं पान जागचं हलत नाही! नवी पानं डबीपर्यंत यायची आणि तशीच निघून जायची. मी आजचा की कालचा, मलाच कळेना. घरच्यांना वाटलं, घड्याळ चालू आहे म्हणजे खबर ताजी आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तेच, 'उशीर होणार'. आईचा धीर सुटला. "काहीतरी वाईट झालंय," म्हणत ती माझ्यासमोरच रडू लागली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात बाबा! दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. सकाळपासून धक्क्यावर एकटेच बसून शेवटी पायी घरी आले होते.

"एकालाही यावंसं वाटलं नाही?" त्यांनी विचारलं.

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "अहो, पण इथे तर तुम्ही अजून यायचे आहात!"

बाबांनी वाकून माझा पडदा वाचला. मग रडून लाल झालेले तिचे डोळे पाहिले.

"मग काय, परत जाऊ?" ते म्हणाले, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

आत्या तेव्हा हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कधीमधी झटका, माझ्या वायरी उंदरांपासून जपा, एवढंच मागणं आहे. आणि कुणी आपलं यायचं असेल ना, तर मी काहीही सांगो, तुम्ही धक्क्यावर जाऊन उभे राहा.