थांबा म्हणायचं होतं मला

मी एक जुनी लाल पाटी आहे. मित्रांनो, तुमच्याकडच्या पाट्या भिंतीवर निवांत बसत असतील, मला मात्र घडीभर चैन नाही. सान्तो बेटाच्या धक्क्यावर खोबऱ्याचं गोदाम आहे. तिथं पोती वर ओढायच्या कप्पीखाली मी दोन तारांना लोंबकळते आणि दिवसभर खडखडते.

पूर्वी मी तेलाच्या पिंपाचं झाकण होते. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या साहेबांनी एकदा गोदामात काम करणाऱ्या तारी नावाच्या पोराला हाक मारली. "याला लाल रंग दे आणि मोठ्ठं लिही, स्टॉप. कप्पीखाली कुणी जाता कामा नये." तारीचं अक्षर देखणं. त्यानं कानावर आलं तसं, आपल्या बिस्लामा बोलीच्या सवयीनं लिहिलं, 'स्टाप'. बिस्लामात 'स्टाप' म्हणजे राहा, इथंच राहा. हसू नका. तुम्हीही पाहुण्यांना 'थांबा ना दोन दिवस' म्हणताच की! साहेबांनी लांबूनच लाल रंग पाहिला आणि मान डोलावली.

दुपारी पोती वाहणाऱ्या बायका सावली शोधत आल्या. त्यांच्यातल्या लेइमारानं मला वाचलं आणि बरोब्बर माझ्याखाली चटई पसरली.

"इथं कशाला गं?" एकीनं विचारलं.

"अगं, साहेबांची पाटी 'राहा' म्हणतेय. तुझ्या नवऱ्यानं तरी कधी म्हटलं का एवढ्या प्रेमानं?"

सगळ्या खिदळल्या. केळीच्या पानात भाजलेला लापलाप, म्हणजे किसलेल्या कंदांची जाड वडी, उलगडून जेवायला बसल्या. वर पोती झुलत होती. माझा जीव टांगणीला लागला. मी वाऱ्यावर जोरात खडखडले, तर लेइमारा म्हणाली, "बघा, पाटीसुद्धा गप्पा मारतेय!"

काही दिवसांनी दोर तुटला. पोतं माझ्याखाली बसलेल्या लेइमाराच्या पायावर आलं. जीव वाचला, पण ती कायमची लंगडी झाली. तारी तिच्यापुढे ढसाढसा रडला.

"काकी, मी 'थांबा'च लिहिलं होतं गं."

"मग थांबलेच की रे मी," ती म्हणाली.

पुन्हा कामावर आली त्या दिवशी तिनं नामेलेच्या झाडाची दोन पानं माझ्यावर फुली मारल्यासारखी बांधली. गावात ही पानं दिसली की वाट बंद, पोरंसुद्धा पुढे पाऊल टाकत नाहीत. माझ्याखाली मग चिटपाखरू फिरकेना. साहेब म्हणाले, "झकास! अक्षरं बदलू सावकाश." ते 'सावकाश' अजून उजाडायचं आहे. पानं वाळली की लेइमाराच लंगडत येते आणि ताजी बांधते.

परवा ती भाचीच्या लग्नाला आपल्या बेटावर गेली. आज सकाळच्या वाऱ्यानं वाळकी पानं गळून पडली. आणि आता, आजच कामावर लागलेली एक बाई माझ्याकडे पाहून हसते आहे, चटई उलगडते आहे. वर दोर करकरतो आहे. मी जीव खाऊन खडखडते आहे, पण तिला त्या गप्पाच वाटत असणार.

मित्रांनो, पाटी लिहिताना वाचणाऱ्याचा शब्द लिहावा, तिची देखभाल करावी, हे सगळं नंतर शिका. आधी कुणीतरी त्या बाईला हाक मारा. मला एवढंच बोलता येतं: राहा, इथंच राहा.