शिंदीची शीर

अंगणात पाटावर बसून परशरामनं कागदावर 'र' ओढला आणि अक्षराच्या पायाशी पुन्हा तेच झालं. कुंचला कोरडा पडत गेला, काळ्याभोर फटकाऱ्यात मधोमध एक पांढरी रेघ उमटली. झालं, लागलं गालबोट!

कुंचला रुक्माबाईच्या हातचा. शिंदीचा फोक भिजवून दगडानं ठेचायचा, तंतू सुटे करायचे, हे काम लग्न झाल्यापासून तिचंच. पण बायको पडली हटवादी. फोकातली एक जाड शीर ती कधी ठेचायचीच नाही. म्हणे, तिच्यानं कुंचल्याला कणा राहतो. पण ती शीर रंग धरायची नाही, आणि नेमकी तिथंच पांढरी रेघ पडायची. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींवरच्या पाट्या परशरामनं याच कुंचल्यांनी रंगवल्या, आणि जन्मभर त्या शिरेपायी तिच्याशी कुरकुर केली.

आता हाताला कंप सुटला होता, शिडी सुटली होती. अशात बेळगावच्या छापखान्याचे केशवराव दारात उभे राहिले. नाटकाच्या जाहिरातींसाठी त्यांना परशरामच्या वळणाची मोठी अक्षरं हवी होती. ती लाकडात कोरायची, आणि मग वर्षानुवर्षं त्यावरून छापायचं. परशराम हरखून गेला. हात गेला तरी वळण राहणार! पण मागं राहणार ते निर्मळ राहावं, याचाच त्याला घोर लागला.

अक्षरं काढलेल्या कागदांची गुंडाळी घेऊन तो मोटारीनं बेळगावजवळच्या कंग्राळीला मष्णू सुताराकडं गेला. कागद लाकडावर पालथा चिकटवून मष्णू त्यावरून कोरणार होता. परशरामनं त्याला एकच गोष्ट बजावली.

"ह्या पांढऱ्या रेघा तेवढ्या बुजव रं. खोट हाय ती."

मष्णूनं कागद उजेडाकडं धरला. बराच वेळ बघत राहिला.

"बघतो की अण्णा," एवढंच म्हणाला.

दोन महिन्यांनी नवरा-बायको निपाणीच्या बाजाराला निघाली, तर चौकातल्या भिंतीवर हातभर अक्षरांची जाहिरात. परशरामनं लांबूनच ओळखलं. मष्णूनं एकही रेघ बुजवली नव्हती. साऱ्या गावासमोर खोट टांगली होती! मनात मष्णूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यानं झपाझप पाय उचलले.

रुक्माबाई मात्र मागंच थांबली. तिला अक्षरओळख नव्हती. भिंतीजवळ जाऊन तिनं 'र'च्या पायावर बोट ठेवलं आणि पांढऱ्या रेघेवरून अलगद खालपर्यंत नेलं.

"लाकडात कोरलंय म्हणालासा न्हवं? मग ही माझी शीर हितं कशी आली?"

तिला न्यायला मागं फिरलेल्या परशरामच्या ओठांवर आलेली शिवी तिथंच राहिली. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुझीच हाय," तो म्हणाला. "छापत्यात तवर ऱ्हाणार आता."

समोरच्या वखारीच्या भिंतीवरही तसलीच जाहिरात लागली होती. रुक्माबाई तिकडं वळली. पिशवी उचलून परशराम तिच्या मागोमाग निघाला.