पुस्तकं गेली मलावीला

चारचौघांनी मिळून चांगलं काम करायचं ठरवलं, की ब्रह्मदेव आला तरी त्यांना थांबवू शकत नाही. त्या चारचौघांत मीही आहे, संजीवनी. आम्ही राहतो त्या पुंगोल उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाने आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या वाचनालयाला खोकी भरभरून पुस्तकं पाठवली. इंग्रजी, गुळगुळीत कागदाची, आमच्या पोरांची वाचून झालेली.

दर शनिवारी दुपारी मी तिथल्या ग्रंथपाल एस्नातबाईंना व्हिडिओ कॉल करते. त्यांनी स्वतः लिहून, दोऱ्याने शिवलेल्या चिचेवा भाषेतल्या गोष्टींवर थोकोझानी नावाची आठ वर्षांची पोर वाचायला शिकली. घरात वाचणारी ती पहिलीच. काय ठसक्यात वाचायची! एक शब्द कळत नसूनही मी टाळ्या वाजवायचे.

गेल्या शनिवारी तिच्या हातात आमचं पुस्तक. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या खाऊगल्लीत, हरवलेल्या मांजराची गोष्ट. पोर पहिल्याच ओळीवर अडली आणि तिने मान खाली घातली.

"अहो, तुमची शिवलेली पुस्तकं कुठायत?" मी विचारलं.

"ट्रंकेत," एस्नातबाई हसल्या. "कपाट एकच ना. पाहुण्यांनी दिलेली भेट मागे कशी ठेवायची?"

मला रडूच आलं. सासूबाईंच्या मैत्रिणीने दिलेला तो भयंकर फ्लॉवरपॉट मीसुद्धा दिवाणखान्यात मांडलाय! "काढा ती आधी बाहेर! आमची फेका खुशाल!" मी ओरडले. त्या "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाल्या. असलं 'हो' मी बरोबर ओळखते. मी स्वतः तेच म्हणत आलेय.

तडक मंडळाच्या मनोहरकाकांना फोन लावला. "काका, दुसरा लॉट पाठवू नका!"

"अगं, बोट गेलीसुद्धा. पहिल्याच्या दुप्पट! आणि देणगीदारांना फोटो हवेत, कपाट कसं गच्च भरलेलं दिसू दे."

"पोरीचं वाचन बंद पडतंय हो!"

"इंग्रजी शिकेल की. आपली पोरं नाही शिकली?" काकांनी फोन ठेवला. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बोट काय हाक मारून थांबते?

आज थोकोझानी दिसली नाही. बाकीचीही दोन-तीनच पोरं. मी विचारलं, तर एस्नातबाई जरा घुटमळल्या.

"आता येत नाही ती. म्हणते, मला वाचता येत नाही."

माझा चेहरा पाहून बिचाऱ्या माझीच समजूत घालायला लागल्या.

"पण तुम्ही काळजी करू नका, मॅडम. पुस्तकं अगदी नवीच्या नवी आहेत. कुणी हातसुद्धा लावत नाही."