घोंगडीवर बोललेलं

महिपतीला बैठकीचा राग यायला लागला तो चौथ्या बैठकीत. पहिल्या तीन त्यानं माणुसकी म्हणून सोसल्या होत्या.

विषय म्हणाल तर एवढासा होता. बारामतीच्या एसटी डेपोनं कळवलं होतं की वस्तीवरून सकाळी जाणारी आणि संध्याकाळी येणारी एक गाडी सुरू करता येईल, पण ती कोणत्या रस्त्यानं न्यायची ते वस्तीनं एकमतानं ठरवून सह्यांनिशी लिहून द्यावं. रस्ते दोनच. एक कॅनॉलच्या कडेनं, बागायती मळ्यांवरून. दुसरा माळावरून, बिरोबाच्या देवळापुढून. दोन्ही पुढं एकाच डांबरी सडकेला मिळत होते. शाळेतल्या पोरांनी चिठ्ठी टाकून दोन मिनिटांत निकाल लावला असता. वस्तीवरच्या शहाण्यांनी त्यात महिना घालवला.

आणि महिपतीला तो महिना परवडणारा नव्हता. त्याची प्राची दहावीला शहात्तर टक्के मिळवून पास झाली होती. तिला अकरावी सायन्सला जायचं होतं, म्हणजे बारामतीला जायचं होतं, म्हणजे सकाळी सातच्या आत गाडी पाहिजे होती. गाडी नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर पुढं काय, ते वस्तीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दिवाळी उलटली की बघायला पाहुणे आले असते. प्राची फार बोलायची नाही. रोज संध्याकाळी तो सायकल भिंतीला टेकवायच्या आत एवढंच विचारायची, "आण्णा, ठरलं का?"

ठरायचं कसं? बैठक भरायची बिरोबाच्या देवळापुढं, घोंगडीवर. वस्तीवरची घरं पूर्वी मेंढरं राखणारी. आता मेंढरं गेली होती, कुणी ऊस लावला, कुणी टोमॅटो, कुणी महिपतीसारखं वालचंदनगरच्या कारखान्यात चिकटलं. पण घोंगडी राहिली. महिपतीचे थोरले चुलते गेणूआबा ती स्वतःच्या हातानं अंथरायचे, वर चिमूटभर भंडारा उधळायचे, आणि मग माणसं टेकायची. घोंगडीवर बोललेलं माघारी घ्यायचं नाही, हा तिथला जुना दंडक.

एवढ्या पवित्र जागी बसून चालायचं काय, तर दादासो म्हणायचा, गाडी कॅनॉलनंच जाईल, माझ्या टोमॅटोच्या पाट्या टपावर चढतील. माळावरचा म्हस्कू म्हणायचा, मग ती टोमॅटोची गाडी झाली, माणसांची कुठली. त्यावरून बहात्तरच्या दुष्काळात कुणी कुणाला विहिरीवर अडवलं ते निघायचं. त्यावरून म्हस्कूच्या मेहुण्याच्या लग्नात दादासोला मानाची टोपी मिळाली नव्हती ते निघायचं. महिपतीनं मध्ये तोंड उघडेपर्यंत चहा यायचा. चहा संपला की गेणूआबा घोंगडी झटकायचे.

चौथ्या बैठकीनंतर महिपती घरी आला तो धुमसतच जेवायला बसला. "ही माणसं न्हाईत, रहाटगाडगी हायत," तो बायकोला म्हणाला. "नुसतं भरायचं आन वतायचं."

"मग कारखान्यात दोन दिवस काय शिकून आलाय तुमी?" धोंडाबाई म्हणाली. "तितंबी मिटिंगच शिकवली म्हणं."

तिनं टोमणा मारला होता, पण महिपतीचा हात भाकरीवरच थांबला. कारखान्यानं सुपरवायझर लोकांना खरंच दोन दिवस शिकवणी दिली होती. पुण्याहून एक साहेब आले होते. त्यांचं म्हणणं असं, की बैठकीत माणसं भांडतात ती वाईट असतात म्हणून नव्हे, तर एक जण फायदा बघत असतो तेव्हा दुसरा धोका बघत असतो म्हणून. तेव्हा सगळ्यांनी एका वेळी एकाच बाजूनं बघायचं. पहिल्या फेरीत फक्त माहिती. दुसरीत फक्त धोका. ज्याला ती गोष्ट हवीय त्यानंही धोकाच सांगायचा, आणि अगदी पोटातून सांगायचा. तिसरीत फक्त फायदा. चौथीत नवी वाट. साहेबांनी चार रंगांचे जाड कागद भिंतीला लावले होते आणि दीड वर्षं रखडलेला क्रेनच्या दुरुस्तीचा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाऊण तासात सोडवला होता. महिपतीनं प्राचीच्या वहीचे पुठ्ठे मागून घेतले आणि त्याच रात्री चार रंगांचे चार तुकडे कापले.

पाचवी बैठक रविवारी दुपारी भरली. शनिवारपर्यंत पत्र डेपोत गेलं नाही तर गाडी दुसऱ्या गावाला जाणार, असा निरोप आला होता. महिपतीनं गेणूआबांच्या पाया पडून परवानगी काढली. आबा म्हणाले, कर बाबा, तुझं कारखान्याचं कायतरी.

माहितीची फेरी बरी झाली. कॅनॉलच्या रस्त्यावर घरं किती, माळावर किती, शिकायला जाणाऱ्या पोरी किती, पाट्या किती, हे महिनाभरात पहिल्यांदाच एका ठिकाणी ऐकू आलं. म्हस्कूनं टोपीचा विषय काढला तेव्हा महिपतीनं नुसता पांढरा पुठ्ठा वर धरला, आणि आश्चर्य म्हणजे म्हस्कू गप्प बसला.

मग त्यानं तांबडा पुठ्ठा काढला. "आता निस्ता धोका सांगायचा," तो म्हणाला. माणसं एकमेकांकडं आणि खाली घोंगडीकडं बघत राहिली. महिपतीला वाटलं, लाजतायत. त्याच्या डोक्यात तिडीक गेली; महिनाभर ज्यांची तोंडं बंद होत नव्हती त्यांना आत्ताच नेमकं मौन सुचलं होतं. शेवटी त्यानं ठरवलं, आपणच वळण घालून द्यावं. पोटातून सांगायचं, साहेब म्हणाले होते.

"माझंच घ्या," तो म्हणाला. "माझी प्राची एकली बारामतीला जाणार. तितं कोण, कसली माणसं, मला काय ठावं? उद्या उगंच कुणी तिचं नाव घेतलं तर बोभाटा माझ्या दारात. चार स्थळं माघारी जातील. मला इचाराल तर मी पोरीला ह्या गाडीत बसवणार न्हाय."

माना डोलल्या. महिपतीला मनातून बरं वाटलं, कारण बोलणं वठलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते सगळंच काही नाटक नव्हतं. त्यातलं थोडं रोज सायकलवरून येताना त्याच्या छातीत असायचं. त्या दिवशी त्याला फक्त तोंड फुटलं.

मग इतरांची भीड चेपली. म्हस्कू बोलला, दादासो बोलला, अपघातापासून चोऱ्यांपर्यंत सगळे धोके निघाले.

पण फायद्याच्या फेरीत पुन्हा गाडं अडलं. धोक्यावर बोललेला एकही गडी तोंड उघडीना. महिपतीनं म्हस्कूला डिवचलं, तर तो म्हणाला, "मी मगाशी बोललो की. आता उलटं कसं बोलू?" महिपतीनं कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट ह्या माणसांच्या डोक्यात शिरू नये! मग न बोललेली माणसं उरली होती, तीच बोलायला लागली, बहुतेक बायकाच. बोलतील तसं महिपती भराभर लिहून घेत राहिला. आणि नव्या वाटेच्या फेरीत कोपऱ्यात बसणारी म्हातारी कुशाबाई, जिचा आवाज घोंगडीवर कुणी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "सकाळची जाताना कॅनॉलनं जाऊ द्या, पाट्या जातील. येताना माळावरनं येऊ द्या, दिस बुडायच्या आत पोरी दारात उतरतील. गाडीला काय, दोन्ही रस्तं सारखंच."

मग दादासो हसला, म्हस्कूही हसला, आणि चहा यायच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. महिपती घरी आला तो हवेतच. त्या रात्री त्यानं धोंडाबाईला चारही पुठ्ठे पुन्हा दाखवले.

गाडी सोमवारपासून सुरू होणार असं पक्कं झालं. प्राचीचा फॉर्म भरला. आदल्या शनिवारी महिपती पेढे घेऊन आबांकडं गेला. आबांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"प्राचीचं कसलं ॲडमिशन?" ते म्हणाले. "तू तर धाडणार न्हाईस."

"कोण म्हणलं?"

"तूच. घोंगडीवर."

महिपतीला आधी हसू आलं. त्यानं समजावलं, ती फेरी होती, तिच्यात धोकाच बोलायचा असतो, साहेबांनी सांगितलेली ती पद्धत हाय. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घोंगडीवर पद्धत नसती, महिपती," ते म्हणाले. "बोलणं असतं. तू तसं बोललास म्हणून म्हस्कूनं त्याच्या वैष्णवीला घरी बसवली. शिकलेला बाप पाठवीना, तर मी कशाला, म्हणला. आता तुझी गेली तर त्याचं काय करू?"

महिपतीला स्वतःचाच एवढा संताप आला की दातावर दात घट्ट बसले. म्हणून माणसं धोक्याच्या फेरीत खाली घोंगडीकडं बघत होती. म्हणून धोका बोललेला गडी फायद्यावर तोंड उघडत नव्हता. ती अडाणी नव्हती. त्या जागेचा कायदा लहानपणापासून ठाऊक असून एकटा तोच तिथं अडाण्यासारखा वागला होता. साहेबांचं चुकलं नव्हतं. साहेब लाकडी खुर्चीवर बसून बोलले होते.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. धोंडाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. प्राची दारात उभी होती, हातात नवी वही.

"आण्णा, तुमी खरंच तसं बोलला?"

"अगं, ती फेरी होती. सगळ्यांनी बोलायचं असतं, मग मी..."

"मग फायद्याच्या फेरीत तुमी काय बोलला?"

महिपतीनं आठवून बघितलं. बायका बोलल्या होत्या, कुशाबाई बोलली होती, कुणी काय म्हणालं ते सगळं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याचं स्वतःचं एक वाक्य त्यात नव्हतं. पोरीच्या शिकण्यात फायदा काय, हे तिच्या बापानं घोंगडीवर सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना बोलतं करण्याच्या नादात ते राहून गेलं होतं. वही कपाटावर ठेवून प्राची आत गेली.

दुसऱ्या दिवशी महिपतीनं आबांना घोंगडी अंथरायला लावली. माणसं जमली. तो आपल्या नेहमीच्या जागेवर, आबांच्या डाव्या अंगाला, उभा राहिला.

"मी हितं पोरीबद्दल बोललो ते माघारी घेतो," तो म्हणाला. "भ्या मला वाटतंय, ते खोटं न्हाय. पण प्राची जाणार. आन म्हस्कू, तुझ्या वैष्णवीला माझ्या बोलण्यानं आडवू नको, माझ्या बोलण्याला आता किंमत न्हाय."

म्हस्कूनं मान खाली घातली. आबांचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही. त्यांनी महिपतीच्या जागेचा घोंगडीचा कोपरा उचलला आणि आत दुमडला. ज्याचं बोलणं टिकलं नाही त्याला घोंगडीवर बसणं नाही आणि बोलणं नाही, जन्मभर. महिपती चालत जाऊन चपलांपाशी, उघड्या जमिनीवर बसला.

सोमवारी प्राची गाडीत बसली. गुरुवारी वैष्णवीही बसली. म्हस्कू पोरीला सोडायला आला होता. महिपतीकडं बघायचं त्यानं टाळलं.

दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा बैठक भरली. विषय, गाडीसाठी सावलीची शेड कुठं घालायची, कॅनॉलवर की माळावर. महिपती चपलांपाशी बसून ऐकत होता. दादासो म्हणाला, कॅनॉलवर. म्हस्कू म्हणाला, माळावर. बहात्तरची विहीर निघाली. टोपी निघाली. महिपतीला त्यांचा एकेक धागा दिसत होता: हा माहिती सांगतोय, तो त्याला धोक्यानं उत्तर देतोय, कुशाबाई मघापासून काहीतरी सांगू बघतीय आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. चारही पुठ्ठे त्याच्या खिशात होते. कारखान्यात आता त्याला दुसऱ्या खात्यांतही बैठका घ्यायला बोलवायचे, आणि इथं स्वतःच्या वस्तीवर त्याला नुसतं ओठ चावत बसावं लागत होतं. चहा आला. आणखी थोड्या वेळानं घोंगडी झटकली गेली असती.

तेवढ्यात संध्याकाळची गाडी माळावरून आली आणि देवळापुढं थांबली. प्राची उतरली. बापाला चपलांच्या ढिगाशेजारी बसलेलं तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं. ती त्याच्याजवळ येऊन थांबली.

"काय ठरलं?"

"काय न्हाय."

"मग तुमी सांगा की त्यांना."

"मला बोलता येत न्हाय, प्राची. तुला ठावं हाय."

ती घोंगडीकडं बघत उभी राहिली. तो दुमडलेला कोपरा अजून तसाच होता. मग तिनं पायातल्या चपला काढून त्याच्या शेजारी ठेवल्या.

"मी अजून तितं काहीच बोललेली न्हाय," ती म्हणाली. "द्या इकडं."

महिपतीनं खिशात हात घातला आणि तीन पुठ्ठे काढून दिले. पांढरा, हिरवा, पिवळा. प्राचीनं ते मोजले. हात तसाच पुढं ठेवला.

"तांबडा बी द्या, आण्णा."

त्यानं तो दिला.