नजरचूक

आवडाबाई मढवीला लिहितावाचता येत नाही, असं कोपरमध्ये कोणी म्हणालं तर ती भांडायला उठायची. सही येत होती तिला. दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, तेवढ्यात सही आली, आणि पुढचं शिकायला शाळेपेक्षा कल्याण स्टेशनबाहेरचा टांगास्टँड बरा होता. नवरा काळुराम तिथं टांगा हाकायचा. रिक्षांनी स्टँड खाल्ला तेव्हा ह्या बाईनंच त्याला सांगितलं, की माणसांना स्टेशनावर जायला घोडा नको झाला असेल, पण नवरदेवाला मांडवात जायला लागतोच. टांगा मोडीत गेला आणि दारात बग्गी आली. पांढरी, नक्षीची, लाल गाद्यांची. काळुरामला जाऊन आता नऊ वर्षं झाली. बग्गी मुलगा संदेश हाकतो, फोन आणि कागद सून सोनल बघते, आणि धंदा आवडाबाई करते. हे ती स्वतःच सांगते.

इतक्या वर्षांत कोणी परवाना विचारला नव्हता. लग्नघरचे बोलवायचे, बग्गी जायची, पोलीस वाजंत्र्यांना ओरडून निघून जायचे. पण शीळफाट्याच्या रस्त्याला नयन भोईरनं मोठा हॉल बांधला आणि सगळं बदललं. नयन हा कमळाबाईचा मुलगा, आणि कमळाबाई आवडाबाईच्या माहेरगावची. त्या ओळखीवर त्यानं सांगितलं, की काकी, वर्षभर माझ्या हॉलवरच्या प्रत्येक लग्नात नवरदेव तुमच्याच बग्गीतून येईल. अट एकच. तुळशीच्या लग्नाआधी लायसन आणि विमा हातात पाहिजे. माझ्या हॉलच्या दारात कोणाला लागलं तर मी कोर्टात उभा राहणार नाही. बॅटरीवर चालणारी, अंगभर दिव्यांची गाडी घेऊन एक माणूस त्याच्याकडे रोज खेपा घालत होता, हेही त्यानं सांगून ठेवलं.

हे काम गेलं तर घोड्या विकायच्या, हे घरात ठरल्यासारखंच होतं. दोन जनावरांची चंदी, नाल, औषधं चार-सहा वरातींवर निघत नाहीत. संदेशनं तर एका कंपनीच्या टॅक्सीसाठी फॉर्मही आणून ठेवला होता. तो फॉर्म आवडाबाईनं उचलून तेलाच्या बरणीखाली घातला. तिथं तो तेल पिऊन पारदर्शक झाला.

मग परवान्यासाठी ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सोनल पुढं, पिशवी घेऊन सासू मागं. बग्गी कुठं उभी राहणार त्या जागेच्या मालकाचं पत्र, बग्गीचे ब्रेक तपासल्याचा कागद, हाकणाऱ्याचे फोटो, घोडीच्या तब्येतीचा दाखला. त्यावर विमा. विम्याच्या एजंटानं, प्रफुल्ल त्याचं नाव, समजावून सांगितलं, की बग्गीतल्या माणसाला लागलं तर एक विमा, रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला लागलं तर दुसरा, आणि घोडी मेली तर तिसरा. आवडाबाईनं विचारलं, मी मेले तर? तो म्हणाला, त्याचीपण पॉलिसी आहे आजी. ती म्हणाली, राहू दे, माझ्या जागी दुसरी मिळायची नाय.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते घोडीच्या ओळखीपाशी अडलं.

विम्याला घोडीची ओळख लागते. डॉक्टर येणार, घोडीच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचणार, चेहऱ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढणार, अंगावरचे डाग आणि भोवरे एकूण एक लिहिणार. सोनलनं हे वाचून दाखवलं तेव्हा आवडाबाई नुसती हं म्हणाली आणि उठून तबेल्यात गेली.

तिथं दोन पांढऱ्या घोड्या होत्या. मोठी साखर, बग्गीची. धाकटी मैना, अजून गाडीला न जुंपलेली, रस्त्यावर हॉर्न वाजला तरी उधळणारी. साखरेच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, रुपयाएवढा. घोडेवाल्यांत त्याला आसूढाळ म्हणतात. असली घोडी मालकाच्या घरात आसवं आणते, असा समज. म्हणून तर काळुरामला ती सारंगखेड्याच्या बाजारात अर्ध्या भावात मिळाली होती. आणली तेव्हाच आवडाबाईनं तिच्या तोंडावरच्या म्होरकीला मोत्यांची झालर शिवली, डोळ्यांच्या खालपर्यंत येणारी. लोकांना वाटायचं, काय हौस आहे बाईला. अकरा वर्षं ती झालर चारचौघांत एकदाही निघाली नव्हती. लग्नाच्या घोडीला आसूढाळ आहे असं एकदा कळलं असतं, तर कोपरपासून कल्याणपर्यंत कोणी तिला दारात उभी केली नसती.

आणल्यापासून दुसऱ्या वर्षी काळुराम गेला. त्याविषयी आवडाबाई कोणाशी बोलली नव्हती. स्वतःशीही फारसं नाही.

डॉक्टर आली ती समृद्धी नावाची तरुण मुलगी. पायात गमबूट, बोलायला गोड, हाताला धीट. कोणती साखर, तिनं विचारलं. आवडाबाईनं मैनेकडे बोट केलं. सोनल तेव्हा चहा टाकायला गेली होती आणि संदेश बग्गीचं चाक काढून बसला होता. मैनेच्या मानेत चिप गेली, मैनेचे फोटो निघाले, मैनेचे निर्दोष भोवरे कागदावर आले, आणि वर नाव लागलं साखर. पांढरी घोडी ती पांढरी घोडी, कोणाला कळतंय, असा आवडाबाईचा हिशेब. चिप वाचायचं यंत्र असतं, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

तपासणी नयनच्या हॉलवरच ठेवली, कारण बग्गी तिथं उभी राहणार होती. परवान्याचे साहेब आले, समृद्धी डॉक्टर आली. नयन होता, आणि कमळाबाईही लॉनच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती, कारण तिच्या थोरल्या लेकीची मुलगी दिशा हिचं लग्न पुढच्याच महिन्यात ह्याच हॉलवर होतं आणि बग्गी तिला डोळ्यांनी बघायची होती. संदेशनं साखरेला जुंपून आणलं. ब्रेक बघून झाले, दिवे बघून झाले, मागचा लाल रेडियम बघून झाला. साहेब खूश दिसत होते. मग डॉक्टरनं पिशवीतून ते यंत्र काढलं आणि साखरेच्या मानेवरून फिरवलं.

यंत्र गप्प. तिनं पुन्हा फिरवलं, दुसऱ्या बाजूनं फिरवलं. सोनल म्हणाली, बॅटरी गेली असेल. डॉक्टरनं फोनवरचे फोटो उघडले, घोडीकडे पाहिलं, परत फोटोंकडे पाहिलं.

"आजी, ही ती घोडी नाही," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी असले प्रकार पाहिलेले असणार. विमा तरण्या जनावराचा, गाडीला म्हातारं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की दुसरी घोडी असेल तर ती आणा, जुंपून दाखवा, अर्ज तिच्याच नावानं आहे. संदेशनं आईकडे पाहिलं. मैनेला ह्या रस्त्यावर जुंपणं म्हणजे कोणाचा तरी जीव घेणं, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

आवडाबाई पुढं गेली आणि साखरेची म्होरकी सोडून झालर काढली.

"हीच साखर. हिच्याऐवजी दुसरी दाखवली ती मी. ह्याच्यासाठी," ती म्हणाली, आणि भोवऱ्यावर बोट ठेवलं.

डॉक्टर वाकून बघायला लागली, तिला त्यात काही वाटलं नाही. साहेबांनाही कळलं नाही. कळलं ते कमळाबाईला. ती खुर्चीवरून उठली, जवळ आली, आणि पदर तोंडावर धरला.

"आसूढाळ हाय गो ही. अकरा वर्षं आम्हाला फसवलंस? माझ्या नयनच्या लग्नात हीच होती?"

"हीच होती."

"म्हणूनच काळुराम गेला तुझा."

"काळुराम दारूनं गेला," आवडाबाई म्हणाली. "घोडी पाणी पिते. आनी तुझ्या नयनला काय झालं? दोन पोरं हायत, पोट सुटलंय."

"त्याची बायको माझ्याशी धड बोलत नाय."

"त्याला भोवरा कशाला लागतो, तू हाईस ना."

नयननं तोंड फिरवलं, हसू लपवायला की लाज, ते कळलं नाही. कमळाबाई मात्र हसली नाही. तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, की बाकीच्या लग्नांचं नयन बघेल, दिशाची वरात ह्या घोडीमागं निघणार नाही. आवडाबाईच्या जिभेवर आणखी दोन उत्तरं होती, ती तिनं गिळली. काळुरामचं नाव निघालं तेव्हापासून तिचा हात साखरेच्या मानेवर होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सोनलला बाजूला घेऊन सांगितलं, की चिप आजच हिला टोचून घ्या, विम्याचे कागद दुरुस्त करून आणा, आणि सोबत एक खुलासा जोडा. नजरचुकीनं दुसरी घोडी दाखवली गेली. दोन ओळी पुरे. दोन पांढऱ्या घोड्या, म्हातारी बाई, कोणीही समजून घेईल. परवा कागद दिलात तर मुहूर्ताआधी परवाना.

सोनलचा जीव भांड्यात पडला. तिनं बग्गीच्या पायरीवर बसून तिथंच ओळी लिहिल्या आणि सासूपुढं पेन धरलं. आवडाबाईनं विचारलं, काय लिहिलंस ते वाच. सोनलनं वाचलं. नजरचुकीनं ह्या शब्दावर म्हातारीनं पेन खाली ठेवलं.

ती म्हणाली, की अंधारात नुसता श्वास ऐकून मी सांगेन कोणती घोडी कुठली. बेचाळीस वर्षं जनावरं सांभाळली, आणि आता सरकारच्या कागदावर लिहून देऊ, की मला माझी घोडी ओळखता आली नाही? उद्या कोणी ह्या बाईच्या हातात लगाम देईल? सोनलनं परोपरीनं सांगितलं, की आई, तो नुसता शब्द आहे, हापिसात सगळे तोच लिहितात. मुद्दाम असं लिहिलं तर ती फसवणूक होते, अर्ज वर जाईल, मुहूर्त जातील, कदाचित सगळंच जाईल. संदेशही म्हणाला, कर ना सही. टॅक्सीच्या फॉर्मचं नाव त्यानं घेतलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

आवडाबाईनं काढलेली झालर पिशवीत घातली. तिला काही सगळं बुडवायचं नव्हतं. लपवलं होतं ते तिनंच, ह्याच धंद्यासाठी, आणि आज एका शब्दात ते लपलेलं राहिलंही असतं. पण लपवायचं ते घोडीचं होतं. स्वतःच्या डोळ्यांचं नव्हे.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नजरेत चूक नव्हती. लोकांच्या नजरेत होती, म्हनून मी घोडी मुद्दाम लपवली. आता लपवनार नाय. भोवरा डाव्या डोळ्याखाली, तो खुणेत घाला. एवढंच लिही, मी सही करते."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. हे मला इथं मिटवता येणार नाही, म्हणाले, आणि फाईल वर पाठवली.

मुहूर्त गेले. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आठ तारखांना नयनच्या हॉलवर दिव्यांची गाडी लागली. दिशाच्या लग्नालाही तीच. आवडाबाई रिक्षानं गेली, आहेर केला, जेवली, आणि गाडीबद्दल एक शब्द काढला नाही, ह्याचं सोनलला फार आश्चर्य वाटलं. साखरेच्या मानेत चिप गेली, तिचे फोटो निघाले. डॉक्टरनं कागदावर स्वच्छ लिहिलं, डाव्या डोळ्याखाली भोवरा. प्रफुल्ल सांगत होता, की बरं झालं, आधीच्या कागदावर उद्या काही झालं असतं तर विम्यानं तोंडावर दार लावलं असतं.

डिसेंबरात ठाण्याहून बोलावणं आलं. वरच्या हापिसातल्या बाईंनी खुलासा समोर ठेवला होता. त्यांनी विचारलं, नजरचूक लिहिलं असतं तर एका दिवसात काम झालं असतं, हे कोणी सांगितलं नाही का? आवडाबाई म्हणाली, सांगितलं होतं, सगळ्यांनी सांगितलं होतं. बाईंनी खुलासा फाईलला लावला. परवाना दिला, आणि त्यासोबत लेखी ताकीद, की पुन्हा असा प्रकार घडल्यास तो रद्द होईल. सोनलनं ताकीद वाचून दाखवली. आवडाबाईनं तिच्यावरही सही केली.

नयननं उरलेलं वर्ष दिलं, पण एक नवी अट घालून. भोवऱ्याचं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, नंतर माझ्या हॉलवर तमाशा नको. आवडाबाईनं ते कबूल केलं. पहिला फोन डोंबिवलीच्या एका मुलीच्या बापाचा आला. जावयाची वरात बग्गीतूनच आणायची, अशी त्याला हौस. सोनल अडखळायला लागली तेव्हा सासूनं फोन घेतला आणि सगळं सांगितलं. लायसन हाय, विमा हाय, आनी डाव्या डोळ्याखाली भोवरा हाय. पलीकडचा माणूस घरात विचारतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. त्या दिवशी संदेशनं घोड्यांना खरारा जरा जास्तच वेळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस. त्यानं विचारून घेतलं होतं. त्यांचे गुरुजी म्हणाले होते, की डाव्या डोळ्याखालचा असेल तर चालतो, फक्त नवरदेवाला उजव्या अंगाला बसवा. तसं जमेल ना, त्यानं विचारलं.

"कुठंही बसवा," आवडाबाई म्हणाली. "पन बसवा. उभा राहून नाचला आनी पडला, तर त्याचा विमा नाय."