विझायला हवा होता तो दिवा

केजच्या अलीकडे, माळावरच्या साखर कारखान्यात सुकन्या पॉवर हाऊसची इंजिनिअर होती. गळीत हंगाम ऐन भरात होता. त्या दुपारी तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच झाकून ठेवला. मग पुन्हा उठून ती कटरच्या पॅनलपुढे जाऊन उभी राहिली. पॅनलवरचा हिरवा दिवा जळत होता, एकसारखा, शांत. त्याच्या जळण्याचाच तिला घोर लागला होता.

कटर म्हणजे उसाचे बारीक तुकडे करणारं अजस्र यंत्र. त्याच्या मोटारीला वीज जायची ती या पॅनलमधल्या ब्रेकरमधून. मोटार थांबवायची तर बटण दाबायचं. बारीक तारांमधून करंट ब्रेकरच्या पोटातल्या कॉइलला जायचा, कॉइल खटका ओढायची आणि ब्रेकर उघडायचा, म्हणजे मोटारीची वीज तुटायची. मोटारीत बिघाड होवो, नाहीतर ऊस कटरकडे वाहून नेणाऱ्या गव्हाणीजवळ कुणी लाल बटण दाबो, वाट तीच. ही वाट शाबूत आहे हे सांगायला तो हिरवा दिवा होता. तो त्याच तारांवर जळायचा. तार तुटली की त्यानं विझायचं.

परवा साफसफाईला कारखाना थांबला, तेव्हा ब्रेकर बाहेर ओढून त्याच्या तारांचा प्लग काढून ठेवला होता. म्हणजे वाटच तोडलेली. तरी दिवा जळत होता. त्या गडबडीत तिच्या डोळ्यांनी ते पाहिलं. डोक्यात शिरलं ते आज सकाळी वेणी घालताना.

तिचे वडील, म्हाळू, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. कुत्रं भुंकलं तर मी पडून राहतो, गप झालं की उठतो, राखणदारच गप म्हणजे घात, असं ते म्हणायचे. आज सकाळपासून तिला तेच आठवत होतं.

मुख्य इंजिनिअर शिवशंकर साहेबांकडे ती जाऊन आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खिडकीतून बाहेर दाखवलं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्याला भिडली होती. पुढच्या साफसफाईत बघू, म्हणाले. दिवा विझला असता तर मीच थांबवलं असतं, असंही म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून ती गुमान परतली.

पण बूड टेकेना. ती गव्हाणीकडे गेली. तिचा चुलतभाऊ भारत तिथं आकड्यानं अडकलेल्या मोळ्या ओढत होता. जरा मागं उभा राहा, असं तिनं सांगितलं, तर तो हसला.

"ताई, बटण हाय की हाताशी. कावून भ्यायचं?"

ती वळली. तडक पॅनलकडे परतली आणि कुणाला न विचारता बंद करायचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. करंटचा काटा जागचा हलला नाही. तिनं पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. पायाखालची फरशी तशीच थरथरत होती. कोपऱ्यात बसलेले जुने वायरमन मुंजाजी उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

ब्रेकरच्या दारावर हातानं उघडायचा एक खटका असतो. सुकन्यानं तळहाताचा सगळा जोर लावून तो आत रेटला. धाडकन आवाज झाला. कटरची घरघर उतरत उतरत थांबली, पाठोपाठ गव्हाणही थांबली. बाहेर आरडाओरडा झाला, टेबलावरचा फोन वाजायला लागला. तो घ्यावा की नाही, हे तिला कळेना.

प्लग उघडला तर त्याची एक पिन मागे सरकलेली. परवा घाईत प्लग बसवताना सरकली असणार, म्हणजे वाट तिथंच तुटली होती. आणि पॅनलच्या मागच्या बाजूला तारेचा एक वेगळा तुकडा होता, कॉइलला वगळून दिव्याला थेट वीज देणारा. दोऱ्यानं नीटस बांधलेला. ती गाठ तिनं ओळखली. तशी गाठ मुंजाजींनीच तिला शिकवली होती.

त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही. "गेल्या हंगामात दिवा लई लुकलुकायचा, बाई. विझला की साहेब वरडायचे. मी दिव्याचं बघितलं. वाटेचं न्हाई बघितलं."

शिवशंकर साहेब दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं. ते पुढे आले, खणखणणारा फोन उचलला आणि कटर माझ्या सांगण्यावरून थांबवलाय, एवढं सांगून ठेवून दिला. मुंजाजींकडे त्यांनी पाहिलं नाही. पिन बसवून घ्या, असं जमिनीकडे बघत म्हणाले.

पिन बसली. तो तुकडा सुकन्यानं स्वतः कापून काढला. मग बटण दाबून ब्रेकर उघडून पाहिला, लावून पुन्हा उघडून पाहिला, तेव्हाच कटर सुरू करू दिला. मुंजाजींवर संतापावं असं तिला सारखं वाटत होतं, पण संताप येईना. भिंतीशी बाकीची पॅनलं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकावर हिरवा दिवा जळत होता.

"मामा," तिनं हळूच विचारलं, "अजून कुठं कुठं?"

मुंजाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी बॉयलरच्या पाण्याच्या पंपाच्या पॅनलकडे बोट केलं, आणि नंतर त्याच्या पलीकडच्या पॅनलकडे.